डुकरिणीचा दाखला

विमानतळावर आत शिरताना लांगीने नवऱ्याला, आउकुसोला, एकच गोष्ट बजावली होती. "शिक्का बसेपर्यंत कोणाजवळ बोलायचं नाही. मी बोलले का? गपचूप कागद भरले, गपचूप व्हिसा मिळाला. तूही तसंच कर, आणि जुलैच्या आत ये."

जुलैत त्यांच्या मुलीला, फेतूला, पहिलं मूल व्हायचं होतं. फेतू न्यूझीलंडच्या पार दक्षिणेला, इन्व्हरकार्गिलला राहत होती आणि आईवडिलांनी आता कायमचं आपल्याकडेच यावं असा तिने हट्ट धरला होता. आउकुसोचे निवृत्तीचे कागद रेंगाळले होते, म्हणून लांगी पुढे गेली. चौतीस वर्षांच्या संसारात ती दोघं पहिल्यांदाच वेगळी झाली होती. परतीच्या खच्चून भरलेल्या बसमध्ये तिथल्या रीतीप्रमाणे आउकुसोच्या मांडीवर एक अनोळखी बाई पपयांची पाटी घेऊन बसली, तरी त्याला शेजारची जागा रिकामीच वाटत राहिली.

आउकुसो तसा पहिल्यापासून स्वप्नाळू. बेटावरच्या आपल्या गावी, वाइसालूच्या शाळेत पस्तीस वर्षं त्याने भूगोल शिकवला. हिमनदी हा त्याचा आवडता धडा. फळ्याशेजारी कुठल्याशा कॅलेंडरातून कापलेलं बर्फाळ डोंगराचं चित्र होतं, आणि त्याच्याकडे बघत तो इतका रंगून जाई की पोरं मागच्या बाजूने उतरून पोहायला जात. घंटा झाली की सर शुद्धीवर येत. वर्गात तीनच मुली उरलेल्या असत, त्याही पाद्रीबाबांच्या.

लांगी गेल्यावर तर स्वप्नांना रान मोकळं मिळालं. सकाळी चुलीवर कोको ठेवावा, समुद्राकडे बघत बसावं, आणि समोरची खाडी हळूहळू पांढरी होत जावी. त्या पांढऱ्या माळावरून लांगी चालत येते आहे, तिच्या तोंडातून वाफ निघते आहे, ती काहीतरी ओरडून सांगते आहे. ती काय सांगते हे ऐकू येण्याच्या बेतात असतानाच कोको करपल्याचा वास यायचा. त्या चार महिन्यांत आउकुसोने न करपलेला कोको प्यायला नाही.

आता गुपित फुटलं कसं? फोडलं कोणी नाही, ते आउकुसोच्या तोंडून आपलं आपण बाहेर पडलं. शेजारच्या सियाइलाने कुंपणावरून विचारलं, "काय रे, एवढे कागद घेऊन कुठे?" आणि हा म्हणाला, "कुठे नाही, व्हिसाच्या कार्यालयात." एवढं पुरे झालं.

"कुठला व्हिसा मागतोस?" सियाइलाने विचारलं. ती सत्तरीची होती आणि आयुष्यात एकदाही बेटाबाहेर गेलेली नव्हती, त्यामुळे तिला व्हिसातलं सगळं कळत होतं. "सफरचंदं तोडायचा माग. माझ्या भाच्याला आठवड्यात मिळाला."

"मी एकसष्टचा आहे, सियाइला. शिडीवर चढू?"

"मग खालची तोड."

पाद्रीबाबांचं मत पडलं की आउकुसोचा खर्ज लक्षात घेता त्याने चर्चच्या गायकांसाठीचा व्हिसा मागावा. असा व्हिसा असतो का, हे विचारणं त्यांना श्रद्धेचा अभाव वाटला. या गोंधळात आउकुसोने पहिला अर्ज भरला तो पाहुण्यांचा, तीन महिन्यांचा. लांगीने फोनवर तो बघितला. "तीन महिने? तू काय पाहुणा आहेस माझ्याकडे?" तिने विचारलं. मग दोनशे किलोमीटरचे हेलपाटे झाल्यावर एकदाचा बरोबर अर्ज हाती आला. आईवडिलांसाठीचा, लांब मुदतीचा, एकोणतीस पानी.

पण पाद्रीबाबांच्या कानावर गोष्ट गेली म्हणजे ती देवाच्या आणि गावाच्या कानावर एकदमच जाते. पुढच्याच रविवारी आउकुसोला निरोप झाला. साधासुधा नव्हे. भजनी मंडळाने निरोपाची चार गाणी म्हटली, बायका रडल्या, बारीक विणीची एक मानाची चटई अंगावर पांघरली, नारळाच्या दुधात शिजवलेली तारोची, म्हणजे अळवाची, पानं आणि अख्खं डुक्कर जेवायला होतं. आउकुसो स्वतःही इतका हेलावला की मी अजून अर्जसुद्धा दिलेला नाही हे सांगायचं त्याच्या लक्षातच राहिलं नाही.

सोमवारी सकाळी तो उठला तो गेलेला माणूस म्हणून.

ही अवस्था ज्याने भोगली त्यालाच कळेल. निरोप घेतलेल्या माणसाने जायचं असतं, तशी रीतच आहे. तो रस्त्यात दिसला की लोकांना संकोच वाटतो. भजनी मंडळात त्याच्या जागी आवाज बसलेला एक कोळी उभा राहिला होता. चर्चमधल्या त्याच्या ठरलेल्या जागेवर दुसरंच कुटुंब ऐसपैस पसरलं होतं, आणि हा दारात दिसला तेव्हा त्यांनी दचकून सरकून घेतलं. सियाइला लांब काठीने त्याच्या झाडाचे नीरफणस पाडत होती.

"अगं, ते माझे आहेत," आउकुसो खिडकीतून म्हणाला.

"अगंबाई, तू घरात आहेस होय! मला वाटलं, घर रिकामं." आणि तिने आणखी दोन पाडले.

आउकुसो फारसं मनाला लावून घेत नसे. गेलेल्या माणसाला कामं सांगत नाहीत, हा एक फायदाच होता. तो दिवसभर तरंगत राही. लांगीने एक लोकरीचा जाडजूड कोट धाडला होता. तो पिशवीत घालून तो बसने राजधानीला, अपियाला, जाई, मोठ्या दुकानात गोठवलेल्या कोंबड्यांच्या कपाटांपाशी कोट चढवून, डोळे मिटून उभा राही. थंडीची सवय हवी. कपाटाचं दार उघडलं की पांढरी वाफ पायांवरून वाहायची आणि लांगी माळावरून दोन पावलं जवळ यायची. एकदा दुकानातल्या माणसाने खांद्याला हात लावून हळूच विचारलं, "काका, कोंबडी घेताय की प्रार्थना करताय?"

अर्जातल्या बाविसाव्या पानावर मात्र त्याला स्वप्नातून बाहेर यावं लागलं. प्रश्न असा होता: तुम्हाला आजवर कधी, कुठेही, कोणत्याही कारणाने दंड झाला आहे का?

दुसऱ्या कोणीही 'नाही' लिहून पान उलटलं असतं. पण आउकुसोने पस्तीस वर्षं पोरांना खरं लिहायला लावलं होतं. त्याने बराच वेळ पेन धरून विचार केला आणि स्वच्छ अक्षरात लिहिलं: होय. १९८९. एक डुकरीण.

झालं ते असं. वाइसालूत संध्याकाळची प्रार्थना होते तेव्हा सगळं गाव घरोघरी डोळे मिटून बसतं. झाडाला टांगलेल्या रिकाम्या गॅसच्या सिलिंडरवर टोला पडला की रस्त्यावर चिटपाखरू दिसता कामा नये, नाहीतर राखणीला उभे असलेले लोक पकडून गावच्या मानकऱ्यांपुढे नेतात. १९८९ साली तरुण आउकुसो अशा वेळी रस्त्यावर सापडला, तोही नखशिखांत ओला. झऱ्यावर आंघोळ करत होतो, टोला ऐकू आला नाही, असं त्याने सभेत सांगितलं. दंड झाला एक डुकरीण. त्याच्या आईने ती दिली आणि नंतर सहा महिने ती डुकरीण किती गुणी होती ते ऐकवलं.

आठवड्याने कार्यालयाकडून पत्र आलं. दंड करणाऱ्या अधिकाऱ्यांचा दाखला जोडा.

दंड करणारे अधिकारी म्हणजे गावची सभा. बारा मानकरी खांबांना टेकून बसले. सगळ्यांत थोरले तोआमुआ, गावचे वक्ते, यांनी दाखला सांगायला घेतला आणि पहिला तास डुकरिणीच्या रंगात गेला. काहींच्या मते ती काळी होती, काहींच्या मते ठिपक्यांची. आउकुसो शेवटी कोपऱ्यात बसलेला. तेवढ्यात तोआमुआ थांबले आणि त्याच्याकडे बघत राहिले.

"आपल्या गावच्या माणसाची परदेशातलं सरकार चौकशी करतंय," ते म्हणाले, "आणि याच्या नावापुढे मानाचं नाव नाही? हे पत्र कोणाबद्दल आहे असं ते म्हणतील? कोणी ऐऱ्यागैऱ्याबद्दल?"

सभेत कुजबुज झाली. आउकुसोच्या आईच्या घराण्याचं 'तुइमालो' हे मानाचं नाव सतरा वर्षं रिकामं पडलं होतं. शेवटचे तुइमालो वारल्यापासून घराण्याचं एकमत होत नव्हतं. पण जाणाऱ्या माणसाला नाव द्यायला कोणाचीच हरकत नसते, कारण तो इथे बसून सभेत बोलणार नाही. आउकुसोने 'नको' म्हणायला तोंड उघडलं, पण तेवढ्यात त्याला पांढऱ्या माळावरची लांगी दिसली. या वेळी ती विमानतळावर उभी होती, त्याचा पासपोर्ट हातात घेऊन नाव वाचत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर जे उमटलं होतं ते बघायला तो काहीही करायला तयार होता.

"फक्त लांगीला कोणी सांगू नका," तो म्हणाला. "मी तिथे जाऊन सांगेन."

"जो सांगेल त्याला एक डुकरीण," तोआमुआंनी लगेच ठराव केला. वाइसालूच्या इतिहासात पाळलं गेलेलं हे पहिलंच गुपित.

यथासांग समारंभ झाला. आवा या मुळीच्या पेयाची वाटी फिरली, भाषणं झाली, नावाची रीतसर नोंदणी झाली. सियाइला आता कुंपणावरून अदबीने बोलू लागली. "तुइमालो, तुमचे नीरफणस काढते हं," म्हणायची आणि काढायची. पासपोर्टाची मुदत संपतच आली होती. आउकुसोने नवा करून घेतला, आमच्याकडे सगळे करतात तसाच. मानाचं नाव पुढे आलं, आपलं नाव आडनावाच्या जागी सरकलं आणि वडिलांचं नाव गळून पडलं. जुन्या पासपोर्टात तो आउकुसो सामुएलू होता. नव्यात झाला तुइमालो आउकुसो. तो छातीशी धरून तो दुपारभर झोपला, आणि दुसऱ्या दिवशी दाखल्याबरोबर त्याची प्रत कार्यालयात दिली.

मे संपता संपता न्यूझीलंडातल्या, व्हिसाचं काम बघणाऱ्या अधिकारीणबाईंनी लांगीला फोन केला. नुसती खातरजमा करायची होती. मधे दुभाषी बाई होती.

"तुइमालोंना तुम्ही ओळखता का?"

"तुइमालो?" लांगी म्हणाली. "ओळखत होते. अहो, ते वारले. सतरा वर्षं झाली."

"वारले? तुमची खात्री आहे?"

"मयताला मी स्वतः होते. पाच डुकरं कापली होती. फार मोठं माणूस."

"आणि तुमचं त्यांच्याशी नातं?"

"नातं कसलं! लांबूनच आदर होता."

चार दिवसांनी आउकुसोला जे पत्र आलं त्यात तीन मुद्दे होते. एक, अर्जदाराच्या पत्नीच्या म्हणण्याप्रमाणे अर्जदार सतरा वर्षांपूर्वी मरण पावले आहेत. दोन, फेतूच्या जन्मनोंदीत वडील म्हणून दुसऱ्याच माणसाचं नाव आहे. तीन, कृपया खुलासा करावा. आउकुसोने ते पत्र तीनदा वाचलं. गावाने त्याला गेलेला ठरवलं होतंच, आता सरकारनेही ठरवलं.

लांगीचा फोन आला तो उन्हं कलताना. पडद्यावर तिचं नाक लाल झालेलं होतं.

"तुइमालो?" ती म्हणाली. "तू तुइमालो झालास? मला न सांगता?"

"विमानतळावर सांगणार होतो. तू पासपोर्ट वाचला असतास आणि—"

"आणि काय? मी एका सरकारी बाईला सांगितलं की तू मेलास. दुःख झाल्यासारखं सांगितलं." तिचा आवाज चिरकला. "कोणाला काही सांगू नकोस म्हटलं, तर सगळ्या गावाला सांगून फक्त मला सांगितलं नाहीस. आउकुसो, जून लागला. फेतूचे दिवस भरत आले. इथे पाचलाच अंधारतं, आणि मी खिडकीशी बसून असते. मला तुझ्यावाचून करमत नाही, एवढं कळतंय का तुला?"

चौतीस वर्षांत हे वाक्य ती कधी बोलली नव्हती. आउकुसोला एकाच वेळी विलक्षण आनंद झाला आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो म्हणाला, "कोको करपतो गं रोज." आणि लांगी डोळे पुसत म्हणाली, "करपणारच."

शेवटी मुलाखत ठरली. अधिकारीणबाई आधी लांगीशी बोलणार, मग लगेच आउकुसोशी, दोघांनी मधे एकमेकांशी बोलायचं नाही. आउकुसो अपियाच्या कार्यालयात एका लहानशा खोलीत फोनपुढे बसला. अंगात इस्त्रीचा पांढरा सदरा, कमरेला मानकऱ्याला शोभेलसा खिशांचा काळा, लुंगीसारखा लावालावा. नव्या नावाला शोभेल असं बसायचं त्याने ठरवलं होतं, पण खुर्ची फिरती होती.

सुरुवातीला सगळं ठीक चाललं. लग्नाची तारीख, मुलीचं नाव, घराला खांब किती. मग अधिकारीणबाई म्हणाल्या, "तुमच्या फायलीत १९८९ सालच्या दंडाचा दाखला आहे. त्यात म्हटलंय की तुम्ही आंघोळ करत होतात."

"हो," आउकुसो म्हणाला.

"मी हाच प्रश्न आत्ता तुमच्या पत्नीला विचारला. तुम्हाला पुन्हा विचारते. तुम्ही आंघोळ करत होतात?"

खोलीत वातानुकूलनाचा बारीक आवाज येत होता. दाखल्यावर बारा मानकऱ्यांच्या सह्या होत्या. ते खोटं म्हटलं तर सभेपुढे आपण खोटं बोललो हे कबूल करणं आलं, आणि आता तर तो स्वतः तुइमालो होता. शिवाय हे खोटं त्याने ज्या नावासाठी जपलं होतं ते स्वतःचं नव्हे, लांगीचं नाव होतं. तिने काय सांगितलं असेल? चौतीस वर्षं दोघं त्याबद्दल एकमेकांशीसुद्धा बोललेली नव्हती. गार हवा त्याच्या पायांवरून वाहत होती. त्याने डोळे मिटले, आणि खाडी पांढरी झाली.

"नाही," तो म्हणाला. "आंघोळ नव्हती. तो बर्फ होता."

"बर्फ?"

"तेव्हा वाइसालूत एकच फ्रिज होता, पाद्रीबाबांचा. मी नवीन मास्तर होतो. लांगीला पाच भाऊ होते, एकेकाचा हात माझ्या मांडीएवढा. तिच्या कुंपणाजवळ जाता येईल अशी दिवसातली एकच वेळ होती, प्रार्थनेची, कारण तेव्हा पाचही भावांचे डोळे मिटलेले असत. मी तिला सांगितलं होतं की मी बर्फ शिकवतो. ती म्हणाली, दाखव. मी अपियाच्या मासळी बाजारातून नारळाएवढा खडा घेतला, गोणपाटात गुंडाळला, सदऱ्याच्या आत धरला आणि बसमध्ये बसलो. बस रस्त्यात दोनदा बंद पडली."

दुभाषी बाई भाषांतर करताना मधेच थांबली. तिने नाक ओढल्याचा आवाज आला.

"कुंपणाशी पोचलो तेव्हा मी गळ्यापासून पायापर्यंत भिजलो होतो. तिच्या हातात दिला तेव्हा तो उरला होता..." आउकुसोने डोळे उघडले नाहीत. "कोंबडीच्या अंड्याएवढा. तिने तो तोंडात टाकला. मी म्हटलं, अगं, बघायला आणलाय. मग परतताना मला पकडलं. मी इतका ओला होतो की आंघोळ सोडून दुसरं काही सांगणं शक्यच नव्हतं."

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला.

"तुमच्या पत्नी म्हणाल्या, अंड्याएवढा," अधिकारीणबाई शेवटी म्हणाल्या. "त्या असंही म्हणाल्या की त्यांनी तो मुद्दाम खाल्ला. हातात ठेवला असता तर भावांनी विचारलं असतं, हात ओला कशाने."

आउकुसोला हे माहीत नव्हतं. इतकी वर्षं त्याला वाटत होतं की तिला भूक लागली होती.

व्हिसा आला आठ दिवसांत. लांब मुदतीचा, बरोबर नावाचा, आणि कंसात जुनं नावही. पण त्याच्याही आधी, मुलाखतीच्या तिसऱ्याच दिवशी, आउकुसोला गावच्या सभेचं बोलावणं आलं. दुभाषी बाईची आई माहेरची वाइसालूची निघाली. दुभाषी बाई आईला म्हणे नावगाव काही बोलली नव्हती, फक्त बर्फाची गोष्ट सांगितली होती. आईने डुकरीण ओळखली.

बारा मानकरी खांबांना टेकून बसले होते. त्यांच्या जोडीला आता आउकुसोलाही स्वतःचा खांब होता, त्यामुळे आरोपीला कुठे बसवायचं यावर अर्धा तास गेला. लांगीचे दोन भाऊ सभेत होते, केस पांढरे झालेले, पण हात तसेच. ते आउकुसोकडे टक लावून बघत होते.

"१९८९ साली या सभेपुढे तू खोटं बोललास," तोआमुआ गंभीरपणे म्हणाले. "दंड एक डुकरीण. यावर काही म्हणायचंय?"

"नाही," आउकुसो म्हणाला. "खुशीने देतो." इतक्या खुशीने दंड देणारा माणूस सभेने पूर्वी पाहिला नव्हता, आणि लांगीच्या थोरल्या भावाला तर शेवटी हसूच आवरेना.

पुन्हा निरोप मात्र झाला नाही. एका माणसाला किती वेळा निरोप द्यायचा! निघायच्या दिवशी गाव आपापल्या कामात होतं. फक्त सियाइला कुंपणापाशी आली आणि तिने पानात गुंडाळलेला, निखाऱ्यावर भाजलेला एक गरम नीरफणस त्याच्या हातात दिला. "तुझ्याच झाडाचा आहे," ती म्हणाली. मानाचं नाव ती घाईत विसरली, आणि आउकुसोला ते बरं वाटलं.

बसची वाट बघत तो चाफ्याखाली उभा होता, हातावर लोकरीचा कोट. फोन वाजला.

"डुकरीण दिलीस?" लांगीने विचारलं.

"काल दिली. ठिपक्यांची."

"अर्धी माझ्या नावावर घालायला सांग. खाल्ला मी होता." मग तिने फोन फिरवून अंगण दाखवलं. गवत पांढरं झालं होतं, आणि पायरीवर एक पत्र्याचं घमेलं होतं, त्यातल्या पाण्याचा काठोकाठ बर्फ झालेला. "काल रात्री मुद्दाम भरून ठेवलं. फेतूला हात लावू दिला नाही. तू आलास की बघ."

बस वळणावर दिसली. आउकुसो घाईघाईने पिशवी उचलू लागला.

"पळू नकोस," लांगी म्हणाली. "सावकाश ये. इथे वितळत नाही."